दोघांची कार्डे, एकच थकबाकी

क्रेडिट कार्डाचे कर्ज हे दर न विचारता काढले जाणारे कर्ज आहे. घरासाठी किंवा सोने ठेवून कर्ज काढताना दोन ठिकाणी चौकशी होते, अर्धा-पाव टक्क्यासाठी घासाघीस होते. कार्डाचा दर मात्र बहुतेकांना कळतो तो बिल थकल्यावर. 2024 च्या सुरुवातीला देशात वापरात असलेल्या क्रेडिट कार्डांची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलसारख्या भागात, जिथे जुन्या गावठाणाभोवती आणि जळगाव रस्त्याच्या कडेने रो-हाउस व फ्लॅट उभे राहिले, तिथे पगाराच्या खात्यामागोमाग कार्डही घरात येते. नवरा-बायको दोघे कमावते असतील तर तीन-चार येतात.

अशा एका घराचे उदाहरण घेता येईल. नवरा वाळूजच्या कारखान्यात, बायको खासगी शाळेत शिक्षिका. रो-हाउसचा हप्ता चालू आहे. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश. त्याआधी मे महिन्यात नात्यातले लग्न आणि पाण्याचे टँकर. हे सगळे कार्डावर जाते, कारण ओव्हरटाइम धरून पगार पुरतो असा अंदाज असतो. मग कंपनीतली ऑर्डर कमी होते, ओव्हरटाइम थांबतो आणि पहिल्यांदाच बिल पूर्ण भरले जात नाही. ‘या महिन्यात मिनिमम भरू’ असे ठरते. पुढच्या महिन्यात किराणा बायकोच्या कार्डावर जातो आणि तिच्या पगारातून नवऱ्याच्या कार्डाचे मिनिमम भरले जाते. त्याने दुसरे कार्ड घेतल्याचे तिला माहीत नसते. तिने फ्रिजचे हप्ते आपल्या कार्डावर बांधल्याचे त्याला माहीत नसते. दोघांचाही हेतू समोरच्याला काळजी नको हाच असतो. या लपवाछपवीत जे सहा-आठ महिने जातात, तेच सर्वांत महाग पडतात.

ते महाग का पडतात, हे बिलाच्या रचनेत आहे. कार्डावर मिळणारी बिनव्याजी मुदत फक्त मागचे बिल पूर्ण भरणाऱ्यासाठी असते. चाळीस हजारांपैकी दोन हजार जरी मागे राहिले, तरी पुढची प्रत्येक खरेदी, अगदी दुधाची पिशवीसुद्धा, घेतल्या दिवसापासून व्याजाला लागते. दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो. वर्षाचा धरला तर 42 टक्के. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. दोन लाखांच्या थकबाकीवर महिन्याचे व्याज 7,000 रुपये, त्यावर कर 1,260. मिनिमम पाच टक्के असेल तर भरायचे 10,000. त्यातून मुद्दल फिटते 1,740 रुपयांनी. त्याच महिन्यात पेट्रोल आणि औषधे मिळून तेवढीच रक्कम कार्डावर गेली, की दहा हजार भरूनही कर्ज जागच्या जागी. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते, अशी सूचना बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ती छापली जाते. वाचली जात नाही.

या दराला कायद्याची वरची मर्यादा आहे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्याशिवाय बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21-अ प्रमाणे, व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला बँकेचा व्यवहार उकरता येत नाही. दर जास्त आहे म्हणून कोर्ट तो कमी करील, या आशेवर बसून राहण्यात अर्थ नाही.

थोडे संरक्षण मात्र आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश 21 एप्रिल 2022 रोजी निघाले आणि त्या वर्षीच्या 1 जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांच्या आत रक्कम भरली तर उशिराचा दंड लावता येत नाही. तीन दिवस उलटले तरी दंड फक्त राहिलेल्या रकमेवर, संपूर्ण बिलावर नव्हे. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवण्यास मनाई आहे. खर्चमर्यादा वाढवायची तर कार्डधारकाची स्पष्ट संमती लागते. ‘सर, तुमची लिमिट वाढली’ असा फोन आला आणि आपण काहीच मागितले नव्हते, तर लेखी नकार कळवावा.

आता जोडप्याचा प्रश्न. घरात पैसा एक असला तरी कायद्याच्या दृष्टीने ऋणको वेगवेगळे असतात. नवऱ्याच्या कार्डाचे देणे बायकोवर येत नाही. तिने सही केली असेल, ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच येते. तिच्याकडे असलेले कार्ड नवऱ्याच्या खात्यावरचे ॲड-ऑन असेल, तर त्यावर तिने केलेला खर्च नवऱ्याच्या नावावर पडतो. उलट प्रकारही घडतो आणि तो जास्त वाईट. स्वतःचे सिबिल बिघडल्यावर नवरा बायकोच्या आधार-पॅनवर, तिचा ओटीपी घेऊन, कार्ड किंवा ॲपवरचे कर्ज काढतो. ते कर्ज कायद्याने तिचे असते; वसुलीचे फोन तिला येतात आणि पुढे तिला स्वतःसाठी कर्ज हवे असले तर नकारही तिलाच मिळतो. बायकोच्या नावावर एखादे तरी खाते स्वच्छ राहणे ही संकटात घराची शेवटची पत असते. एकाचे बुडते खाते तगवण्यासाठी दुसऱ्याचे पणाला लावणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत चुकीचा निर्णय म्हणावा लागेल.

त्याच्या खालोखाल चूक म्हणजे कार्ड फिरवणे. एकाचे पैसे काढून दुसऱ्याचे भरायचे. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर शुल्क पडते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. काही दुकानदार खोट्या खरेदीसाठी कार्ड स्वाइप करून, दोन-तीन टक्के कापून रोख हातात ठेवतात. हे कार्डाच्या अटींविरुद्ध आहे. शिवाय दर महिन्याला हे दोन-तीन टक्के फुकट जातात. बारा महिन्यांत त्यांचे काय होते, हे मांडून पाहिले तर कोणीही थांबेल. पण फिरवणारा माणूस हिशेब मांडत नसतो, तारखा सांभाळत असतो.

बाहेर पडण्याची सुरुवात एका कागदावर होते. दोघांनी एकत्र बसून प्रत्येक कार्ड, प्रत्येक हप्ता, हातउसने, भिशीचे देणे, सोसायटीचे कर्ज, सगळे लिहायचे: किती बाकी, काय दर, कोणाच्या नावावर. राहून गेलेले क्रेडिट रिपोर्टमधून सापडते. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. दोघांचे रिपोर्ट काढावेत आणि एकमेकांसमोर उघडावेत. त्या दिवशी भांडण होईल. होऊ द्यावे, पण कागद पूर्ण करूनच उठावे. नंतर कार्डे वापरातून काढायची. पाकिटातून काढणे पुरेसे नाही. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये साठवलेले नंबर आणि आपोआप कापली जाणारी वर्गणी हीच खरी गळती असते.

पैसे अपुरे असतील तेव्हा आधी काय भरायचे, इथे बहुतेक घरे उलटे वागतात. ज्याचे फोन जास्त, त्याला आधी पैसे. कार्डवाले दिवसातून दहादा फोन करतात, घरकर्जाची बँक सुरुवातीला एक एसएमएस पाठवते. म्हणून कार्ड भरले जाते आणि घराचा हप्ता चुकतो. धोका नेमका उलटा आहे. घरकर्ज तारणावरचे असते. हप्ते 90 दिवसांपेक्षा जास्त थकून खाते अनुत्पादक ठरले, की 2002 च्या सरफेसी कायद्याने बँक 60 दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. कार्डाच्या थकबाकीला तारण नसते. तिथे बँकेला आधी न्यायालयात किंवा लवादात जावे लागते. म्हणून किराणा, औषध, फी आणि घराचा हप्ता आधी, मग कार्डे. कार्डांमध्ये ज्याचा दर जास्त त्यावर शक्य तेवढे, बाकीच्यांवर किमान. लहान रक्कम आधी संपवण्याचा सल्लाही दिला जातो. त्यातून हुरूप येतो हे खरे, पण दरांत मोठा फरक असेल तर तो हुरूप महागात पडतो.

महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलणे हा पुढचा मार्ग. बँकेला थकबाकीचे हप्ते बांधून मागता येतात. दर कार्डापेक्षा कमी पडतो. कंपनीत कामगारांची पतपेढी असेल तर तिथले कर्ज आणखी बरे. राहिले सोने. बँकांच्या सोनेतारणाचे आणि कार्डाचे दर शेजारी ठेवले तर गणित सोन्याच्याच बाजूने बोलते. पण ते सोने कोणाचे, हे आधी विचारायला हवे. स्त्रीधन ही पती-पत्नीची सामायिक मालमत्ता नाही, नवऱ्याने अडचणीत ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. निर्णय तिचाच हवा आणि घरच्यांच्या दबावाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. तिने होकार दिला तरी आधी कार्डे बंद करण्याचा अर्ज जावा, मग दागिने बँकेत. हा क्रम चुकलेल्या घरांत वर्षभराने दागिनेही गहाण असतात आणि कार्डेही पुन्हा भरलेली असतात.

हप्तेही पेलत नसतील तर तडजोड. त्यासाठी बँकेला लेखी कळवावे: नोकरी गेली, आजारपण आले, जे असेल ते कागदासह. एकरकमी तडजोडीत व्याजाचा मोठा भाग आणि कधी मुद्दलाचाही काही भाग सुटतो. रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही देणे नाही’ हे लिहिलेले बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत. फोनवरचा शब्द धरू नये. तडजोडीनंतर रिपोर्टमध्ये खाते ‘क्लोज्ड’ नव्हे तर ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढचे कर्ज काही वर्षे अवघड होते. बुडत्या घरासाठी ही किंमत मोठी नाही. मात्र ‘बँकेला काहीच भरू नका, आमची फी भरा, आम्ही सेटलमेंट करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. ते जे करतात ते पत्र लिहून स्वतःला करता येते.

वसुलीवाल्यांची भीती हा या कर्जाचा सर्वांत जड भाग. ऑगस्ट 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीचे फोन करता येत नाहीत. धमकी, चारचौघांत बदनामी, नातेवाईक-मित्रांना त्रास देणे यांना मनाई आहे. ‘पोलीस घेऊन येतो, जेलमध्ये टाकतो’ हे तरीही ऐकावे लागते. शहरातल्या बातम्यांत ‘हर्सूल कारागृहात रवानगी’ हे शब्द रोजचेच असल्याने त्या तुरुंगाच्या शेजारी राहणाऱ्यालाही ही धमकी खरी वाटते. कार्ड थकणे हा दिवाणी मामला आहे; निव्वळ पैसे नसल्याने भरता आले नाहीत म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. दिलेला चेक परत गेला तर मात्र कलम 138 लागते, आणि बँक खात्यातून कापायची सूचना पैशाअभावी नाकारली गेली तर 2007 च्या पेमेंट कायद्याचे कलम 25. म्हणून वसुलीवाल्याच्या हातात कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक कधीही देऊ नये. फोनची वेळ, नंबर, संभाषण जपून ठेवावे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, चौकशीचा क्रमांक 14448.

बँक दाव्यात जिंकली तरी सगळे जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही सुटतात. मंगळसूत्र त्यातच येते. भविष्य निर्वाह निधीही जप्त होत नाही. अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात भरणाऱ्या लोकअदालतीत दाव्याआधीची बँक प्रकरणेही घेतली जातात, आणि तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करता येतो. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तो फोन बँकेच्या फोनच्या आधी करावा.

शेवटचा रुपया भरल्यावर कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचे असते. उशीर केल्यास दिवसाला 500 रुपये कार्डधारकाला द्यावे लागतात. ‘नो ड्यूज’ पत्र दोघांच्या फाइलमध्ये जावे. दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढावा आणि फेडलेले खाते अजून थकीत दिसत असेल तर तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई म्हणून मिळण्याचा हक्क एप्रिल 2024 पासून तक्रारदाराला आहे.