खरूज एकट्याची नसते

‘रात्री अंथरुणात शिरलं की खाज सुटते, आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय.’ एवढं ऐकलं की निम्मं निदान होतं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती पुरळ दिसलं की बहुधा उरलेलंही. ही खरूज. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते आणि तिथेच अंडी घालते. गंमत म्हणजे एरवी धडधाकट माणसाच्या अंगावर असे किडे जेमतेम 10-15 असतात. एवढी खाज सुटते ती शरीराला त्यांचं आणि त्यांच्या विष्ठेचं वावडं असल्यामुळे. हे वावडं तयार व्हायला पहिल्या वेळी 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर माणूस खाजवत नाही, पण खरूज वाटत असतो.

उपचार फसतात ते इथेच. नातवाला मलम लावतात आणि त्याला कुशीत घेऊन झोपणारी आजी म्हणते, ‘मला कुठे खाजतंय?’ आजी, तुम्हीही लावायचं. सगळ्या घराने, एकाच रात्री.

5 टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावा. फक्त पुळ्यांवर नव्हे, नखांखाली आणि जांघेतसुद्धा. 8 ते 14 तासांनी अंघोळ करा. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने हेच सगळं परत. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा. त्यांना कधीकधी गंधकाचं मलम देतात, वासाचं पण कामाचं. कडुनिंबाच्या पाण्याने बरं वाटत असेल तर जरूर अंघोळ करा, फक्त त्याच्यावर विसंबू नका.

त्याच सकाळी चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा. गोधडी धुता येत नसेल तर पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगाबाहेर हा किडा सहसा 2-3 दिवसांपलीकडे जगत नाही.

यानंतरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. म्हणून रोज मलम चोपडू नका, कातडी भाजल्यासारखी होते. मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब तर नकोच. खाज दबते, खरूज पसरते.

कुत्र्यालाही खरूज होते. त्याचे किडे आपल्याला चावतात, खाज आणतात, पण माणसाच्या अंगावर त्यांची वीण वाढत नाही. कुत्र्याला पशुवैद्यांकडे न्या. मांजर असेल, तर मलमाच्या रात्री तिला अंथरुणात घेऊ नका. परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं.