टकळीची शाळा

शाळेत मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ या तारखांना, वर्धा येथे या प्रश्नासाठी एक परिषद भरली. त्या वर्षी अनेक प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती. खेड्यापाड्यांतील प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण द्यावयाचे, तर ते कोणते, आणि त्याचा खर्च कोठून भागवावयाचा, हे त्यांना ठरवावयाचे होते. परिषदेचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. मुंबई प्रांतातून बाळासाहेब खेर आले होते. विनोबा भावे आणि काका कालेलकर हेही उपस्थित होते.

गांधीजींचा विचार असा, की शाळेत मुलाच्या डोक्यावर अक्षरांचे ओझे पडते आणि त्याचे हात मात्र रिकामे राहतात. म्हणून एखादा हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया असावा आणि गणित, भूगोल, इतिहास हे विषय त्याच्याच आधाराने शिकवावेत. मुलांनी तयार केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगारही निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

या शेवटच्या मुद्द्यावर परिषदेत वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी विचारले, की शाळांतून स्वस्त माल बाजारात आला, तर गावच्या गरीब कारागिराने पोट कसे भरावे? डॉ. झाकीर हुसेन यांनाही निराळे भय वाटत होते. मिळकतीवरच नजर राहिली, तर शिक्षकाचा मुकादम होईल आणि शाळेचा कारखाना. गांधीजींच्या समोर त्यांच्याच योजनेतील उणीव अशी स्पष्टपणे दाखवली गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडेच सोपवण्यात आले आणि शहा यांनाही तिच्यात घेण्यात आले.

समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचा हा अभ्यासक्रम मातृभाषेतून चालावयाचा होता. इंग्रजीला त्यात स्थान नव्हते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे. व्यायामाला दहा आणि मधल्या सुट्टीलाही दहाच! शाळा वर्षाला २८८ दिवस भरावी, असेही ठरले. सुट्ट्यांची आवड असणाऱ्यांना हा आकडा खचित रुचणार नाही.

व्यवसायाची निवड मात्र मोकळी होती. कताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला, चामड्याचे काम यांपैकी किंवा त्या भागाला अनुकूल असा दुसरा एखादा व्यवसाय शाळेने घ्यावा. पाचव्या इयत्तेपर्यंत मुलामुलींचा अभ्यासक्रम बहुतांशी एकच होता. पुढे सहावी-सातवीत मुलींना हस्तव्यवसायाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुलग्यांसाठी असा पर्याय कोणाला सुचला नाही.

वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने अशी शाळा चालवली. भोवती काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख; तेव्हा तेथे सूतकताईला महत्त्व आले यात नवल नाही. टकळी म्हणजे एक बारीक काडी आणि तिच्या खालच्या टोकाशी एक चकती. काडी फिरली की हातातील पेळूतून तंतू निघतो आणि पीळ घेतो. पण हे सूत जाड की बारीक, हे कसे सांगावे? येथे गणित सुरू होते. ८४० वार सुताची एक गुंडी धरली, तर एका पौंडात अशा जितक्या गुंड्या बसतील, तितका त्या सुताचा अंक. म्हणजे २० अंकाच्या एका पौंड सुताची लांबी १६,८०० वार, साडेनऊ मैलांहून अधिक! अंक वाढला की सूत बारीक होते, हे मुलाला पाठ करावे लागत नाही. ते त्याच्या बोटांना कळते. एका गावचा कापूस लांब धाग्याचा आणि दुसऱ्या गावचा आखूड का, असे विचारले की भूगोल आला. येथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का येत असे, असे विचारले की इतिहास आला.

या योजनेत आणखी एक मोठी गोष्ट होती. चामड्याचे काम, सुतारकाम, विणकाम ही कामे आपल्या समाजात जातीनुसार वाटलेली होती. हाताने राबणारे आणि बुद्धीने काम करणारे यांच्यामधील भिंत पाडावी, असा समितीचा स्पष्ट हेतू होता.

तरीही पुष्कळ पालकांच्या मनात शंका राहिली, आणि ती खोटी म्हणता येत नाही. शहरातील मुलगा इंग्रजी शिकून कचेरीत जाणार आणि आमच्या मुलाने शाळेतही पुन्हा सूतच कातावयाचे काय? पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला मुलाच्या हाती पुस्तक हवे होते. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाच्या शाळा अनेक राज्यांत निघाल्या, पण त्या पुढे टिकल्या नाहीत. शिकवण्याची ही रीत जाणणारे शिक्षकही थोडेच होते. मग कित्येक ठिकाणी टकळी फिरे, पण तिच्यातून गणित निघत नसे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मूळ कल्पनेला ‘कार्यानुभव’ असे नवे रूप दिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असे सुचवले आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे. १९३७ च्या वेळापत्रकात हेच काम वर्षाला ९६० तास होते.

सेवाग्रामची बंद पडलेली शाळा २००५ साली ‘आनंद निकेतन’ या नावाने पुन्हा सुरू झाली. तेथील मुले पुस्तके वाचतात, शेती करतात आणि सूत कातात. स्वयंपाकाची पाळी तेथे मुलग्यांनाही येते.