फाळाचे पाणी आणि पोलादातील कर्ब

खरीप हंगाम तोंडावर आला म्हणजे लोहाराच्या भट्टीपुढे फाळ, कुळवाच्या पासा, विळे व खुरपी यांची रास पडते. एकाच लोहाराने, एकाच भट्टीत, एकाच दिवशी शेवटून दिलेली दोन खुरपी शेतात मात्र अगदी निराळी वागतात. एक हंगामभर धार धरते, तर दुसरे आठ दिवसांत बोथट होते किंवा दगडावर आपटताच त्याचा तुकडा उडतो. शेतकरी म्हणतो, पाणी नीट दिले नाही. लोहार म्हणतो, लोखंडच हलके होते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. परंतु नेमके काय बिघडले हे ठरवावयाचे तर तापलेल्या पोलादाच्या अंतरंगात काय घडते, याची थोडी माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

पोलाद म्हणजे लोखंड व कर्ब यांची मिश्रधातू होय. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीत किंवा सळईत कर्बाचे प्रमाण साधारणतः शेकडा ०.१५ ते ०.२५ इतके असते. धार धरणाऱ्या हत्याराच्या पोलादात ते शेकडा ०.५ ते ०.९ पर्यंत लागते. शंभर किलो पोलादात अर्धा-पाऊण किलो कर्ब ही मात्रा क्षुल्लक वाटेल. परंतु हत्याराचा कठीणपणा मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असतो. साध्या पट्टीला कितीही कुशलतेने पाणी दिले तरी ती म्हणावी तशी कठीण होत नाही, कारण अडकवून ठेवण्याजोगा कर्बच तिच्यात नसतो. 'अडकवून ठेवणे' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

घन धातूमधूनही एक पदार्थ दुसऱ्यात पसरत जातो, ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. पाण्यात मिठाचा खडा टाकला तर मीठ सर्वत्र पसरते, हे आपण रोज पाहतो. या क्रियेला विसरण असे म्हणतात, आणि तिचे नियम अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली मांडले. घन धातूंमध्येही हेच नियम चालतात, हे लंडनच्या टांकसाळीतील रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ साली मोजून दाखविले. त्यांनी शिशाच्या दांडीच्या तळाशी सोने ठेवले व शिसे न वितळेल एवढीच ऊब दिली. तरीही सोने शिशात वर चढत गेले. पुढे सोने व शिसे एकमेकांस चिकटवून चार वर्षे नेहमीच्या हवामानात ठेवले असता, तेवढ्या थंडाव्यातही सोन्याचा अंश शिशात शिरल्याचे त्यांना आढळले.

कर्बाच्या बाबतीत हे काम पुष्कळच सोपे असते. कर्बाचा परमाणू लोखंडाच्या परमाणूहून बराच लहान असल्यामुळे तो लोखंडाच्या परमाणूंमधील फटींत बसतो आणि एका फटीतून शेजारच्या फटीत उडी घेतो. क्रोमियम, निकेल यांच्यासारख्या मोठ्या परमाणूंना अशी मोकळी वाट नसते. शेजारची जागा रिकामी होईपर्यंत त्यांना थांबावे लागते. म्हणून भट्टीतील दहा-पंधरा मिनिटांत ते जवळजवळ जागचे हलत नाहीत. गावच्या भट्टीत खेळ चालतो तो कर्बाचाच.

उडी मारण्यासाठी परमाणूला जोर लागतो आणि तो जोर उष्णतेपासून मिळतो. उष्णता थोडी वाढली तरी उड्या अनेक पटींनी वाढतात. ९०० अंश सेंटिग्रेडवर, म्हणजे पोलाद नारिंगीकडे झुकत असताना, कर्बाचे विसरण ज्या वेगाने होते, त्याच्या सुमारे नऊपट वेगाने ते ११०० अंशांवर, म्हणजे पिवळसर रंगावर होते. काळाचा हिशेब मात्र उलट बाजूने कठीण आहे. कर्ब दुप्पट खोल जावयाचा तर दुप्पट वेळ पुरत नाही, चौपट लागतो; तिप्पट खोलीसाठी नऊपट. उड्या सर्व दिशांनी होत असतात, पुढे जितक्या तितक्याच मागेही, म्हणून ही गती अशी रेंगाळते.

कर्ब कोणीकडे जातो?

सामान्यतः तो अधिक असेल तेथून कमी असेल तेथे जातो असे सांगतात. हे बहुधा खरे ठरते, परंतु पुरते खरे नाही. शेतकरी बंधूंना याचे उत्तर जमिनीवरून चांगले समजेल. भारी काळ्या जमिनीत शेकडा १५ ओल असूनही पीक माना टाकते, आणि वाळूसर जमिनीत शेकडा ८ ओल असली तरी ते तजेलदार दिसते. या दोन मातींची ढेकळे एकमेकांस लावून ठेवली तर पाणी १५ कडून ८ कडे न जाता उलट वाळूकडून काळ्या मातीकडे ओढले जाईल. कारण काळी माती पाण्याला अधिक घट्ट धरते. पाण्याचे प्रमाण किती यापेक्षा ते किती मोकळे आहे, यावर त्याची दिशा ठरते. धातूंच्या उष्मागतिकीचा नियम हाच होय. पदार्थ जेथे अधिक 'मोकळा' असेल तेथून, तो जेथे अधिक घट्ट धरला जाईल तिकडे वळतो.

अमेरिकेतील लॉरेन्स डार्कन यांनी १९४९ साली याचा सुरेख पुरावा दिला. जवळजवळ सारख्याच कर्बाचे पोलादाचे दोन तुकडे त्यांनी एकमेकांस सांधले. त्यांपैकी एकात शेकडा चारच्या आसपास सिलिकॉन होते. हा जोड १०५० अंशांवर १३ दिवस तापवून ठेवला असता सिलिकॉनच्या बाजूचा कर्ब निघून दुसऱ्या बाजूला जमा झाला. प्रारंभी प्रमाण बहुतांशी सारखे असताना तफावत निर्माण झाली. सिलिकॉनने कर्बाला जणू घराबाहेर काढले.

हा प्रयोग आपल्या विळ्याखुरप्यांशी चांगलाच निगडित आहे. मोटारगाडीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून हत्यारे घडविण्याची चाल सर्वत्र आहे, आणि ती चांगलीही आहे. त्या पाट्यात कर्ब शेकडा ०.५ ते ०.६ असतो. परंतु पुष्कळ पाट्यांत शेकडा दीड-दोन इतके सिलिकॉनही असते. अशा पोलादातील कर्ब भट्टीत फार लवकर पृष्ठभाग सोडून जातो. बाहेर त्याची वाट पाहणारा प्राणवायू असतोच.

आता हिशेब पाहा. हत्यार ११०० अंशांवर सर्व मिळून पंधरा मिनिटे राहिले तर विसरणाच्या नियमानुसार कर्ब निघून गेलेला थर पाव मिलिमीटरच्या आसपास होतो. ९०० अंशांवर तेवढ्याच वेळात तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने असतो. फाळाच्या जाड टोकाला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. परंतु विळ्याची कड पातळ केल्यावर धारेपाशी सारी जाडी अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर दोन्ही बाजूंनी पाव पाव मिलिमीटर गेल्यावर धारेत कर्ब उरला कोठे? मग पाणी कितीही चांगले दिले तरी ती धार साध्या पट्टीची. 'पाणी उतरले' अशी तक्रार होते, ती पुष्कळदा वस्तुतः कर्ब उडून गेल्याची असते.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. पातळ हत्यार पिवळे होऊ न देता लाल-नारिंगी रंगावरच ठोकावे. भात्याचा किंवा पंख्याचा वारा थेट हत्यारावर न येता खालच्या निखाऱ्यांतून यावा, म्हणून कोळशाचा थर जाड ठेवावा व हत्यार वरच्या अंगास धरावे. कमी वेळा तापवून काम संपवावे. धारेची शेवटची जाडी ठोकून न काढता, पाणी देऊन झाल्यावर सहाणेवर घासून काढावी, म्हणजे वरचा निर्जीव थर आपोआप निघून जाईल. अखेरची गोष्ट शेतकऱ्याच्या हातची आहे. मृगाच्या आदल्या दिवशी गावातील सारी हत्यारे एकदम लोहारापुढे टाकली तर तो भट्टी फुंकून पिवळीजर्द करणारच. ही कामे वैशाखातच उरकून घ्यावीत.

पाणी देणे व उतरविणे

थंड लोखंडात कर्ब अत्यल्प मावतो. ७२७ अंशांवर तो जेमतेम शेकडा ०.०२ एवढा विरघळतो, व त्याहून थंड असता आणखी कमी. उरलेला कर्ब लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाच्या कणांच्या रूपाने निराळा बसतो. याहून वर तापविले म्हणजे लोखंडाच्या परमाणूंची रचना बदलू लागते, फटी मोठ्या होतात आणि सारा कर्ब विरघळून एकजीव होतो. रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या नावावरून या अवस्थेस ऑस्टेनाइट म्हणतात. हे पोलाद सावकाश थंड केले तर कर्बाला परत निघून सिमेंटाइट होण्यास अवसर मिळतो व पोलाद मऊ राहते. एकदम पाण्यात बुडविले तर रचना क्षणात पालटते, पण कर्बाला निघून जाण्यास वेळच मिळत नाही. तो चुकीच्या जागी अडकून लोखंडाची जाळी ताणून धरतो. हेच ते कठीण मार्टेन्साइट. अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकावरून हे नाव पडले.

उष्मागतिकीच्या दृष्टीने ही अवस्था टिकाऊ नव्हे. कर्बाचा ओढा बाहेर पडण्याकडेच असतो. परंतु नेहमीच्या हवामानात त्याच्या हालचाली इतक्या मंद असतात की आजोबांची कुऱ्हाड नातवाच्या हातीही धार धरून राहते. एखादा बदल व्हावयाचा की नाही हे उष्मागतिकी सांगते. तो केव्हा होईल हे विसरण ठरविते. लोहाराची सारी विद्या या दोहोंमधील सांदीत आहे.

व्यवहारात उष्णता ओळखण्यास लोहचुंबक उत्तम. पोलाद तापत जाऊन चुंबकास चिकटेनासे झाले की त्याहून थोडे अधिक, रंगाची एकच छटा वर, तापवावे व बुडवावे. भट्टी सावलीत असावी. उन्हात लाल रंग फिका दिसतो व नकळत अधिक तापविले जाते. अधिक तापविल्याने पोलादाचे कण मोठे होतात. मोडलेल्या जागी साखरेसारखा रवा दिसला तर हाच दोष समजावा. कमानीच्या पाट्याचे हत्यार थंड पाण्यात बुडविल्यास तडकण्याचा संभव असतो. त्यास तेल बरे. तेल पेट घेऊ शकते, म्हणून ते लोखंडी भांड्यात घ्यावे आणि झाकण हाताशी ठेवावे. बुडविल्यावर कानस धारेवरून घसरू लागली म्हणजे पाणी लागले.

असे हत्यार तसेच वापरू नये, कारण ते काचेसारखे ठिसूळ असते. थोडी ऊब देऊन कर्बाला किंचित हालचाल करू द्यावी लागते. यालाच टेंपर करणे म्हणतात. पुष्कळ ठिकाणी घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि तुकडे उडण्याचे ते प्रमुख कारण आहे. सोपी रीत अशी: साध्या कर्ब-पोलादाच्या हत्याराची फक्त धारेकडील तीन-चार सेंटिमीटर बाजू पाण्यात खालीवर हलवीत बुडवावी, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करावी आणि मागील अंगाची ऊब धारेकडे येताना रंग पाहावेत. प्रथम गवती पिवळा रंग (सुमारे २२५ अंश), मग तपकिरी (२५५), जांभळा (२८०) व निळा (३०० च्या आसपास) असे ते सरकत येतात. विळ्या-खुरप्याच्या धारेवर तपकिरी ते जांभळा रंग येताच, आणि घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीच्या व पहारेच्या टोकावर जांभळा ते निळा येताच, पुन्हा बुडवून ती क्रिया थांबवावी.

साध्या पट्टीत बाहेरून कर्ब घालता येतो काय, असे काही शेतकरी विचारतात. येतो. हत्यारे लोखंडी पेटीत कोळशाच्या भुकटीत पुरून, भुकटीत थोडा धुण्याचा सोडा मिसळून, पेटीच्या सांधी मातीने लिंपून ९०० ते ९२५ अंशांवर ठेवली असता पेटीतील वायूच्या द्वारे कर्ब लोखंडात शिरतो. एका तासात सुमारे अर्धा मिलिमीटर व चार तासांत एक मिलिमीटरच्या आसपास थर कठीण होण्यायोग्य बनतो. परंतु चार तासांचे सरपण एका खुरप्यासाठी जाळणे मला पटत नाही. पंधरा-वीस हत्यारे एका वेळी करावयाची असतील तरच हा उपद्व्याप करावा. एरव्ही योग्य पोलाद विकत घेणे स्वस्त पडते.

रोटाव्हेटरची पाती ही निराळी बाब आहे. चांगली पाती बहुधा बोरॉनयुक्त पोलादाची असतात. शेकडा काही सहस्रांश बोरॉनमुळे ती जाडीभर पाणी घेतात, व कारखान्यातच त्यांना पाणी देऊन उतरविलेले असते. अशी पाती भट्टीत तापवून सरळ करणे, त्यांना वेल्डिंगने टोक जोडणे किंवा ग्राइंडरने धार लावताना ती निळी पडू देणे, या तिन्ही गोष्टींनी त्या जागेचे पाणी उतरते. धार लावावयाची झाल्यास ग्राइंडर हलकेच टेकवावा, दर काही सेकंदांनी उचलावा आणि पाते हाताला सोसवेल इतपतच गरम होऊ द्यावे. निळा डाग पडलाच तर तो रंग वरून घासून काढण्यात अर्थ नाही. आतील कर्ब हललेला असतो, तेवढा भाग धारेपासून मागे घासून टाकावा.