किरणोत्सर्गाची आपत्ती : शेतकऱ्यांनी घ्यावयाचे तीन पाठ



आपला श्रीगोंदा तालुका ऊस, लिंबू, कांदा आणि दुभत्या जनावरांचा. तारापूरचे अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात, आपल्यापासून बरेच दूर आहे. मग हे शिक्षण आपल्याला कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु किरणोत्सारी पदार्थ कर्करोगाच्या रुग्णालयात, पाइपांचे जोड तपासणाऱ्या यंत्रात आणि लासलगावच्या कांदा विकिरण केंद्रातही वापरतात. (विकिरण केलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, तो खाण्यास सुरक्षित असतो.) तेव्हा थोडी माहिती प्रत्येक घरी असावी.

पाठ पहिला : अनोळखी भंगार

२०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात, एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने यंत्र फोडण्यात आले. आतील कोबाल्ट-६० मुळे अनेकांना इजा झाली व एक कामगार दगावला. या किरणांना रंग नाही, वास नाही. म्हणून पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी डबी आढळल्यास तिला हात लावू नये, फोडू नये, घरी आणू नये. सर्वांना दूर करून ११२ वर कळवावे. जवळ थांबण्याचा वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये भिंतीचा आडोसा, ही तीन सूत्रे पाठ करावीत. लहान वस्तूपासून अंतर दुप्पट केल्यास किरणांचा मारा चौथा हिस्सा उरतो.

पाठ दुसरा : चारा, पाणी, दूध

१९८६ साली चेर्नोबिल येथील अपघातात आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईच्या दुधात उतरले आणि ते दूध प्यालेल्या हजारो मुलांना पुढे गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाला. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे जनावरांना झाकलेला, साठवणीतला चारा दिला तर मोठा धोका टळतो. सीझियम-१३७ निम्मे होण्यास मात्र ३० वर्षे लागतात. २०११ मध्ये फुकुशिमा अपघातानंतर उघड्यावर राहिलेला भाताचा पेंढा जनावरांना घातला गेला आणि त्यांच्या मांसात सीझियम आढळले.

शासनाची सूचना मिळताच पुढील कामे करावीत :
१) जनावरे गोठ्यात बांधावीत, चरावयास सोडू नयेत.
२) कडब्याची गंजी ताडपत्रीने व विहीर, हौद झाकणाने झाकावेत.
३) हिरवा चारा व उसाचे वाढे कापून घालू नयेत.
४) तपासणी होईपर्यंत दूध डेअरीला घालू नये, घरातील मुलांनाही देऊ नये.
५) आयोडीनच्या गोळ्या आरोग्य खात्याने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

पाठ तिसरा : तालीम

अणुवीज केंद्रांच्या परिसरात जिल्हा प्रशासनासह आपत्तीच्या तालमी घेतल्या जातात. पुण्याजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी तुकडी असून या दलाच्या जवानांना किरणोत्सारी आपत्तीचेही प्रशिक्षण असते. मात्र जवान गावात पोहोचेपर्यंतचे पहिले तास गावकऱ्यांच्याच हाती असतात. म्हणून ग्रामसभेत एक तास या विषयाला द्यावा. फोन कोणी करायचा, वस्तीवर निरोप कोणी न्यायचा, डेअरीला कोणी कळवायचे, हे नावानिशी ठरवावे. अफवेवरून दूध ओतून देणे आणि सूचना असूनही ते विकणे, दोन्ही नुकसानीचेच.

दुष्काळासाठी आपण कडबा राखून ठेवतो. तीच गंजी नीट झाकलेली असेल, तर अशा प्रसंगीही आपल्या लेकरांचे दूध ती राखील.