दंगल, बातमी आणि आपली वस्ती

दंगल एक-दोन दिवस चालते. तिची बातमी मात्र वर्षानुवर्षे चालते. दगडाची जखम महिन्याभरात भरून येते. परंतु ‘दंगल अमुक लोकांनी केली’ असे एकदा छापून आले, की तो शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. नोकरी मागताना, भाड्याने खोली शोधताना, मुलाला शाळेत घालताना तो आडवा येतो. म्हणून अशांततेच्या काळात आपल्या वस्तीने बातमीकडे कसे पाहावे, याचा विचार शांततेच्या काळातच करणे आवश्यक आहे.

आपण पंचवटीत राहतो. याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला लांब जाण्याची गरज नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह

२ मार्च १९३० रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजार स्त्री-पुरुष जमले होते. मिरवणूक मंदिराशी पोहोचली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. स्थानिक कामाचा भार कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी उचलला होता.

९ एप्रिलला रथयात्रा होती. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, असे ठरले होते. ऐन वेळी सवर्णांनी रथ पळवत नेला. सत्याग्रही मागे धावले आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. बाबासाहेबांच्या डोक्यावर कार्यकर्त्यांनी छत्र्या धरल्या. कद्रेकर नावाचा भंडारी समाजातील तरुण पोलिसांचे कडे तोडून पुढे घुसला आणि रक्तबंबाळ होऊन पडला.

आता त्या दिवसातील वृत्तपत्रांची स्थिती पाहा. तीनच दिवस आधी, ६ एप्रिलला, गांधीजींनी दांडीला मीठ उचलले होते आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले, पण पैशाअभावी १९२९ मध्ये बंद पडले. ‘जनता’ सुरू झाले ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी. म्हणजे पंचवटीत दगड पडत होते त्या दिवशी, मार खाणाऱ्यांची बाजू मांडणारे बाबासाहेबांचे पत्र चालू नव्हते. दुसऱ्यांच्या पत्रांचा अनुभव काय होता? १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता.

अशा वेळी बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. घडलेली हकिगत त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांना लिहून कळविली. दादासाहेबांशी त्यांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. ३ मार्च १९३४ च्या पत्रात सत्याग्रह थांबविण्याविषयीचे आपले मतही त्यांनी कारणांसह लिहिले. त्या वेळी कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून आज आपण हा इतिहास तारखांसह सांगू शकतो.

सत्याग्रहाची झळ शहरापुरती राहिली नाही. जिल्ह्यातील खेड्यांत आपल्या मुलांना शाळेतून काढले, रस्ते बंद केले, दुकानातून जिन्नस देणे थांबविले. आमचे मूळ गाव दिंडोरी तालुक्यात. आजी सांगत असे, की दुकानदार मीठसुद्धा देईना. नाशिकला काय घडले ते गावात कोणी पाहिले नव्हते. फक्त ‘ते माजले’ एवढीच बातमी पोहोचली होती. ही हकिगत आजीच्या तोंडीच राहिली. गावाचे नाव, दुकानाचे नाव, किती दिवस मीठ मिळाले नाही, यातले काहीही आमच्या घरी लिहिलेले नाही. आजी गेली आणि साक्षही गेली.

ऑक्टोबर २०१६

८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्र्यंबकेश्वर तालुक्यात एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्याची तक्रार आली. मुलीचे दुःख खरे होते आणि गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण संशयित मुलगा आपल्या समाजाचा होता एवढ्यावरून जिल्ह्यातील अनेक बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. एस.टी. बसगाड्या जाळल्या गेल्या. अफवा थांबविण्यासाठी शासनाला मोबाइलचे इंटरनेट बंद करावे लागले.

रविवारी माझ्या मोबाइलवर संदेश आला, की ती मुलगी दगावली. ते खोटे होते. दुसरा संदेश आपल्याच एका बांधवाकडून आला, की अमुक गावातील आपली संपूर्ण वस्ती जाळली. मी तो खातरजमा न करता चार जणांना पाठविला. माझा एक मावसभाऊ तो वाचून रात्रीच मोटारसायकलने गावाकडे निघाला. वाटेत जमाव होते. तो सुखरूप पोहोचला आणि ती वस्तीही सुखरूप होती. परंतु त्याला काही झाले असते तर? बँकेत व्हाउचरवर सही असल्याशिवाय मी दहा रुपयांची एंट्री करीत नाही. आणि त्या दिवशी एवढी मोठी गोष्ट विनासही पुढे सरकविली. याची टोचणी आजही आहे.

ज्या वस्त्यांवर खरोखर हल्ला झाला त्यांची अडचण वेगळीच होती. आमच्या नात्यातील एका घराचे बरेच नुकसान झाले. पंचनाम्याच्या वेळी शिलाई मशीनची पावती नव्हती; गाडीचे कागद घरातच जळाले होते. वृत्तपत्रात जळालेल्या बसचा फोटो आला. या घराबद्दल एक ओळही आली नाही. बसची नोंद आगारात असते. गरिबाच्या घराची नोंद कोठे असते?

खैरलांजीचे उदाहरण याहून भयंकर आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांचे कारण दिले गेले. मोठ्या वृत्तपत्रांनी खरी दखल घेतली ती महिनाभराने, लोक रस्त्यावर उतरल्यावर. पहिली बातमी चुकली की सत्याला किती उशीर होतो, हे यावरून दिसते.

आपण काय करावे?

तथागतांनी कालामांना सांगितले, की केवळ ऐकीव आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. न तपासता पुढे पाठविलेला संदेश हा त्याच शीलाचा भंग होय. या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक वस्तीने कराव्यात:

१) विहारात एक नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, पाहणाऱ्याचे नाव व सही घ्यावी. पाहिलेले एका पानावर आणि ऐकलेले दुसऱ्या पानावर लिहावे.

२) घराचे, गाडीचे कागद, पावत्या, मुलांचे दाखले यांची एक प्रत वस्तीबाहेरील विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. घरातील वस्तूंचे फोटो काढून ठेवावेत.

३) फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार दंडाधिकाऱ्यांनी जागेवर येऊन नुकसानीचा अंदाज व पीडितांची यादी करायची असते. त्या वेळी आपली नोंदवही पुढे ठेवावी.

४) वार्ताहरांशी एकानेच बोलावे, तेही लेखी निवेदन देऊन आणि पोच घेऊन.

५) चुकीचे छापून आल्यास दगड उचलू नये, लेखणी उचलावी. प्रथम संपादकास पत्र लिहावे. दाद न मिळाल्यास भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकाबाबत ती दोन महिन्यांच्या आत करावी लागते.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्या समाजासाठी बाबासाहेबांनी हालअपेष्टा सोसून पत्रे काढली. आज प्रत्येक घरात लिहिता-वाचता येणारे कोणीतरी आहे. तरीही आपली हकिगत दुसऱ्याने लिहावी, अशी वाट आपण पाहणार आहोत काय? पुढच्या रविवारी विहारात येताना प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांची एक आठवण तारीख-वारासह लिहून आणावी. वहीचे पहिले पान मी आजीच्या मिठापासून सुरू करीन.

जय भीम!