पुडी आणि तिच्यावरील चार ओळी

कारखान्यातून निघालेली वस्तू आपल्या घरी येते, तेव्हा ती करणारा मनुष्य तिच्याबरोबर येत नाही. तो आला असता, तर वस्तू कशी उघडावी, किती घ्यावी व कोठे ठेवावी हे त्याने समक्ष सांगितले असते. त्याच्याऐवजी वेष्टन व सूचनापत्र हे दोन मुके नोकर येतात. वेष्टनाने वस्तूचे रक्षण करावयाचे व सूचनापत्राने ती वापरणाराचे. या दोघांच्या कामावर केवढी मोठी गोष्ट अवलंबून असू शकते, हे आमच्या विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस एका लहानशा पुडीच्या उदाहरणाने दाखविण्याचा आमचा विचार आहे. ती पुडी म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनी, अर्थात ओ.आर.एस.

जुलाब लागले म्हणजे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात, आणि लहान मूल काही तासांतच मलूल होते. नुसते पाणी पाजून ही हानी भरून येत नाही. परंतु आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज व सोडियम हे जोडीने आत शिरतात व त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. पटकीसारख्या दुखण्यातही हा मार्ग खुला राहतो. या ज्ञानाचा उपयोग घरोघरी व्हावा कसा, हा मात्र निराळा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर पुडीने दिले.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगाव येथे त्यांच्यात पटकीची साथ पसरली, आणि शिरेतून देण्याचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस व त्यांचे सहकारी यांनी कलकत्त्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे एका लिटरचे प्रमाण धरून मिश्रण केले. ते पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले, आत पाणी मिसळण्याच्या सूचनांची चिठ्ठी घातली व तापलेल्या इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली. रोग्यांचे नातलगच ते पाणी पाजू लागले. शेकडा ३० च्या सुमारास असलेले मृत्यूचे प्रमाण, हे पाणी मिळालेल्या रोग्यांत शेकडा ३.६ वर आले. डॉ. महालनवीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आता वेष्टनाकडे पाहू. ग्लुकोज व क्षार हवेतील ओल शोषून घेतात व त्यांचे खडे बनतात. शिवाय सोडा व ग्लुकोज एकत्र राहिली म्हणजे ओलीने मिश्रण तपकिरी पडे. म्हणून अॅल्युमिनियमचा थर असलेले कागद वापरावे लागले, आणि पुढे १९८४ च्या सुमारास सोड्याच्या जागी सायट्रेट घालण्यात आले, त्यामुळे पुडी अधिक दिवस टिकू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या प्रमाणात ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ व सायट्रेट २.९, मिळून २०.५ ग्रॅम वजन एका लिटरास भरते. हे वजन घरी कोणी करू शकणार नाही. म्हणून पुडी हेच माप आहे.

परंतु माप पुडीने केले, तरी पाणी मातेलाच मोजावयाचे असते. बाजारात एक लिटरची पुडी मिळते व २०० मिलिलिटरची लहान पुडीही मिळते. मोठी पुडी एका पेल्यात कालविली, तर पाणी पाचपट तीव्र होऊन रक्तातील सोडियम वाढते व मुलास आकडीही येऊ शकते. उलट पाणी फार झाले, तर गुण येत नाही. यास्तव चार गोष्टी ठळक अक्षरांत, घरच्या भाषेत व चित्रांसह पाहिजेत: संपूर्ण पुडी घ्यावी, उकळून गार केलेले इतकेच पाणी घ्यावे, कालविल्यावर पुन्हा उकळू नये, २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. मूल सुस्त झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे, हेही त्यांच्या खालीच असावे.

वाचता न येणाऱ्यांचे काय? बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या शिक्षिका १९८० ते १९९० या काळात सुमारे १ कोटी २० लाख घरी गेल्या, आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी एवढाच पाठ त्यांनी दिला. मातांच्या ध्यानात किती राहिले हे मागाहून तपासले जाई व त्यावर शिक्षिकेचा मेहनताना ठरे. सूचना लिहिणाराचीही परीक्षा अशीच घ्यावी, असे आम्हांस वाटते. वाचणारा चुकला, तर बहुधा लिहिणाराने काही गाळलेले असते.

वेष्टनावरील नावही सूचनाच होय. साखर पुष्कळ असलेली काही पेये ‘ओ.आर.एस.’ ही अक्षरे नावात घालून विकली जात. २०२५ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावांत ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. खरेदी करताना पालकांनी नावाखालील बारीक अक्षरांतील घटकही अवश्य वाचावेत.

अभ्यासासाठी एक काम सुचवितो. कोकमाचे सरबत करण्याची कृती चार ओळींत लिहा व ती धाकट्या भावंडाच्या हाती द्या. आपण तोंडाने काही बोलू नका. ते जेथे थांबेल किंवा ‘किती?’ असे विचारील, तेथे खूण करा व ती ओळ पुन्हा लिहा. न विचारता सरबत नीट झाले, म्हणजे तुमचे सूचनापत्र उतरले असे समजा. पुढे तुमच्यापैकी कोणी औषधे करील, कोणी यंत्रे. आपली वस्तू ज्या अनोळखी घरी जाईल, तेथे आपण नसू याची आठवण तेव्हा अवश्य ठेवा.