मृदंगाखाली गेलेले शब्द

गुहागरकडच्या वाड्यांमधून जाखडी, नमन किंवा जात्यावरच्या ओव्या टिपायला कुणी डिजिटल रेकॉर्डर घेऊन निघाले, की मी आधी एकच विचारतो: लेव्हल ‘ऑटो’वर आहे का? असेल तर ऑटो बंद करा.

गणपतीतल्या एका रात्री आमच्या वाडीत जाखडी रंगली होती. मधोमध बुवा, मृदंग आणि झांजा, भोवती पायात घुंगरू बांधलेल्या पोरांचा फेर. रेकॉर्डर उसना आणलेला होता आणि सगळे काही ऑटोवर होते. ती फाइल आजही माझ्याकडे आहे. मृदंगावर थाप पडली, की यंत्र दचकल्यासारखे आवाज खाली ओढते आणि नेमका बुवांचा पुढचा शब्द गडप होतो. थाप थांबली, की ते आवाज हळूहळू वर चढवते. मग वर येतात पत्र्यावरचा पाऊस आणि रातकिडे. चाल कळते, कवन कळत नाही. बुवा आता गात नाहीत आणि ते कवन कुणाच्या वहीतही उतरलेले नाही.

म्हणून लेव्हल हाताने लावा. बुवांना एक कडवे मृदंगासकट, भर आवाजात म्हणायला सांगा. सगळ्यात जोराची थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे. रंग चढला की थाप वाढतेच, तिला वर तेवढी जागा हवी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून धड सांधता येत नाही. उलट २४ बिटवर घेतलेला हलका आवाज नंतर सहज वाढवता येतो. त्यामुळे एमपी३ नको. वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीचे कार्ड रात्रभराच्या नमनालाही पुरून उरते.

रेकॉर्डर तिवईवर, बुवांच्या तोंडासमोर आणि मृदंगापासून शक्य तितका लांब ठेवा. हातात धरला तर बोटांची हालचालही घुमते. समुद्राकडून वारा असेल तर नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ टोपीच लागते. ‘लो कट’ वाऱ्याची घरघर कमी करतो खरा, पण मृदंगाचा घुमारही खातो. जाखडीला तो बंदच बरा, ओव्यांना चालू चालेल. ओव्या घरात घ्यायच्या तर पंखा आणि फ्रिज बंद करून हेडफोनने मिनिटभर नुसती खोली ऐका. कानाला सवयीने ऐकू न येणारे सगळे तिथे सापडते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गळ्यासकट ऐकता येतात. कागदावर नुसते शब्द राहिले असते.

काही रेकॉर्डरवर बटण एकदा दाबले की लाल दिवा नुसता लुकलुकतो, मुद्रण सुरू होते दुसऱ्यांदा दाबल्यावर. सेकंदांचे आकडे पुढे सरकताना डोळ्यांनी बघा. बॅटरी उतरत आली असेल तर दोन गाण्यांच्या मधे थांबून बदला. फाइल बंद होण्याआधीच यंत्र विझले, तर ती उघडेलच असे नाही.

सुरुवातीला तारीख, वाडी आणि गाणाऱ्याचे नाव स्वतः बोला. ‘बुवा, हे दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल ना?’ हेही तिथेच विचारा, म्हणजे होकार फाइलमध्ये राहतो. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती काढा आणि एक प्रत वाडीतल्या मंडळींना द्या. विसर्जन झाले की चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात. त्याआधी त्यांच्यासोबत बसून अख्खे गाणे ऐका, कारण न कळलेला शब्द सांगणारे तेच.